गुडघ्यातील इंजेक्शन: स्टिरॉइड, ‘वंगण’ की पीआरपी? अनुभव आणि सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ

नमस्कार. आईच्या गुडघ्यांविषयी सल्ला हवा आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

आई ६७ वर्षांची आहे, वाईला राहते, प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आणि गेली अकरा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेते. चार वर्षांपासून तिचे दोन्ही गुडघे दुखतात, त्यात उजवा अधिक. दर संकष्टीला ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यायचे आणि मग घाटावर थोडे टेकायचे, हा तिचा जुना नेम आहे. मागच्या संकष्टीला मी सोबत होते. ती पायऱ्या सरळ उतरत नव्हती. नदीकडे कूस करून, आधी उजवा पाय खाली, मग डावा त्याच्या शेजारी, आणि प्रत्येक वेळी वरच्या पायरीला हाताचा टेकू, असे तिचे चालले होते. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर म्हणाली, “इथे शेवाळ असते गं, म्हणून जपून उतरते.” त्या दिवशी घाट कोरडा होता.

साताऱ्याच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण चित्र पाहून “झिजेच्या चार ग्रेडपैकी ग्रेड तीन आहे, आतल्या बाजूची हाडांमधली गॅप कमी झाली आहे” असे सांगितले आणि दोन पर्याय दिले: स्टिरॉइडचे इंजेक्शन, किंवा वंगणाचे, म्हणजे जेलचे, एकच इंजेक्शन, ज्याचा खर्च एका गुडघ्याला २२,००० रुपये आहे. पुण्यात दुसरे मत घेतले, तर तिथे पीआरपीची, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सची, तीन इंजेक्शने सुचवली, प्रत्येकी ९,००० रुपये. शेजारच्या काकू म्हणतात की यातले काहीच करू नका, सरळ वाटी बदलून टाका. पाच आठवड्यांनी माझ्या मामेभावाचे लग्न आहे आणि आईला तिथे खुर्चीवर बसून राहायचे नाही.

यातले कोणते इंजेक्शन खरोखर उपयोगी पडते, किती दिवस टिकते, साखरेवर काय परिणाम होतो, आणि इंजेक्शनांमुळे गुडघा आणखी झिजतो हे खरे आहे का?

निशिगंध

सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी स्टिरॉइड दिले होते. तिसऱ्या दिवसापासून छान वाटू लागले, आणि सहा आठवड्यांनी गुडघा पुन्हा पूर्वीसारखाच दुखू लागला.

अस्थिबंध

मी अस्थिरोगतज्ज्ञ असून सोळा वर्षे मराठवाड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. रुग्णाला न तपासता अमुकच करा असे सांगणे योग्य नाही, तरी तुमच्या प्रश्नांची उत्तरे देता येतील.

स्टिरॉइड हे सर्वांत जुने इंजेक्शन आहे. फिलाडेल्फियाच्या डॉ. हॉलंडर यांनी १९५१ मध्ये सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन देण्याचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही पद्धत चालत आली आहे. आज आपल्याकडे बहुधा ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, साधारण ४० मिलिग्रॅम, भुलीच्या औषधासोबत देतात. सांध्याच्या अस्तराला आलेली सूज ते कमी करते. म्हणून ज्या गुडघ्यात पाणी झाले आहे, जो गरम लागतो, रात्री ठणकतो, त्याला ते दिले जाते. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, ते भरून काढत नाही. गुण पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वांत ठळक दिसतो, पुढे ओसरत जातो, आणि सहा महिन्यांनी मोजले तर इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांत फरक उरत नाही. निशिगंध यांच्या सासूबाईंना जे झाले ते अगदी नेहमीचे आहे. त्यांचे इंजेक्शन फसले असे मी म्हणणार नाही.

गुडघा झिजतो का? २०१७ मध्ये अमेरिकेतील एक महत्त्वाची चाचणी प्रसिद्ध झाली. १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर १२ आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन आणि निम्म्यांना तुलनेसाठी नुसते मिठाचे पाणी, असे दोन वर्षे दिले. स्टिरॉइड गटात कूर्चेची जाडी सरासरी ०.२१ मिलिमीटरने कमी झाली, दुसऱ्या गटात ०.१० मिलिमीटरने, आणि दोन वर्षांनंतर वेदनेत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. यावरून मी स्वतःपुरता काढलेला अर्थ असा, की गरज असताना एखादे इंजेक्शन घेण्यात मोठा धोका नाही, पण दर तीन महिन्यांनी सवयीने घेत राहण्यात तोटा आहे आणि लाभ नाही.

आता ‘वंगण’. हा शब्दच रुग्णाची दिशाभूल करतो, आणि आम्ही डॉक्टर तो सर्रास वापरतो याचे मला वाईट वाटते. या जेलमध्ये हायलुरोनिक आम्ल असते, आणि ते सांध्यातील द्रवाचा नैसर्गिक घटक आहे, हे खरे. पण यंत्रात तेल घालावे तसे ते आत साठून राहत नाही. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, सांध्यातून निघून जाते. २०२२ मध्ये १६९ चाचण्यांचा आणि २१,००० हून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांपैकी मोठ्या आणि खोट्या इंजेक्शनशी तुलना केलेल्या चाचण्यांत वेदनेतील फरक १०० मिलिमीटरच्या मोजपट्टीवर सुमारे २ मिलिमीटर एवढाच भरला. रुग्णाला जाणवण्याइतका तो नाही. त्यासाठी एका गुडघ्यामागे २२,००० रुपये खर्च करा असे मी माझ्या आईला सांगितले नसते.

पीआरपीमध्ये रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेट्सचा भाग सांध्यात सोडतात. मेलबर्न आणि सिडनी येथे २८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने दिली होती. वर्षभरानंतर वेदनेत किंवा कूर्चेत मिठाच्या पाण्यापेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही. ती चाचणी सौम्य ते मध्यम झीज असलेल्यांवर होती. काही लहान अभ्यासांत याहून चांगले निष्कर्ष आले आहेत आणि माझे काही सहकारी पीआरपीवर मनापासून विश्वास ठेवतात, हेही सांगितले पाहिजे.

गोदातीर

डॉक्टरसाहेब, तुमच्याविषयी आदर बाळगून असहमती नोंदवतो. मी ६१ वर्षांचा आहे, नाशिकला राहतो. तीन वर्षांपूर्वी मी डाव्या गुडघ्यात जेल घेतले आणि चौदा महिने मला वेदनाशामक गोळी घ्यावी लागली नाही. त्याआधी काळाराम मंदिरापर्यंत चालत जाणे मी सोडून दिले होते, ते पुन्हा सुरू झाले. आकडे काहीही म्हणोत, माझा गुडघा मला माहीत आहे. तुम्ही लोकांना एका चांगल्या उपचारापासून परावृत्त करत आहात असे मला वाटते.

अस्थिबंध

गोदातीर, तुमचा अनुभव खोटा आहे असे मी कधीही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की त्या चौदा महिन्यांचे श्रेय कोणाला द्यायचे. या सर्व चाचण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: ज्यांना केवळ मिठाचे पाणी दिले, त्यांचीही वेदना चांगली कमी होते आणि काहींना तो आराम महिनोन्महिने टिकतो. झिजेची वेदना भरती-ओहोटीसारखी असते. माणूस इंजेक्शन घ्यायला येतो तो वेदना टिपेला पोहोचलेली असताना, आणि त्यानंतर ती उतरण्याचीच शक्यता अधिक असते. शिवाय आराम पडल्यावर तुम्ही रोज मंदिरापर्यंत चालू लागलात. मांडीचा स्नायू बळकट होण्यात त्या चालण्याचा वाटा किती असेल, याचाही विचार करावा.

गोदातीर

चालण्याचा मुद्दा मला पटतो. जेलने काहीच केले नाही हे मात्र अजून पटत नाही.

अबोली

एक शंका आहे, कृपया गैरसमज नसावा. आमच्या घरी पूर्ण शाकाहार आहे आणि आजेसासूबाई औषधाच्या बाबतीतही काटेकोर आहेत. जेलचे इंजेक्शन कोंबडीपासून बनवतात असे कोणीतरी त्यांना सांगितले. हे खरे आहे का?

अस्थिबंध

अंशतः खरे आहे. कोंबड्याच्या तुऱ्यात हायलुरोनिक आम्ल भरपूर असते आणि काही कंपन्यांची उत्पादने त्यापासूनच तयार होतात. इतर काही कंपन्या ते जिवाणूंच्या साहाय्याने किण्वन करून बनवतात. वेष्टनावर किंवा आतल्या पत्रकावर उगम लिहिलेला असतो, तो आधी पाहून घ्यावा. ज्यांना अंडी, पिसे किंवा कोंबडीचे मांस यांची ॲलर्जी आहे, त्यांनी तर हे विचारलेच पाहिजे.

दीपस्तंभ

मधुमेहाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझ्या वडिलांना स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले, तेव्हा त्यांना मधुमेह आहे का हे त्या दवाखान्यात कोणी विचारले नाही आणि आम्हालाही सांगण्याचे सुचले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सारखे पाणी मागू लागले, रात्री पाच वेळा लघवीला उठले. घरचे यंत्र लावले तर साखर ३४२. आम्ही घाबरून फॅमिली डॉक्टरांना उठवले. त्यांनी चार दिवसांपुरता गोळ्यांचा डोस बदलून दिला आणि सहाव्या दिवशी साखर पूर्वपदावर आली. इंजेक्शनचा दोष नव्हता, पण आधी दोन वाक्ये कोणी सांगितली असती तर ती रात्र तशी गेली नसती.

कृष्णाकाठ ताई, आईंचे साखरेचे तीन महिन्यांचे प्रमाण आधी तपासून घ्या, आणि इंजेक्शननंतर आठवडाभर दिवसातून दोन-तीन वेळा साखर मोजण्याची तयारी ठेवा. दुपारी आणि संध्याकाळी नक्की मोजा, कारण वडिलांची सकाळची उपाशीपोटीची साखर फारशी वाढलेली नव्हती.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तीन पर्यायांची तुलना चालली आहे, पण चौथा पर्याय यादीतच नाही, आणि माझ्या मते तोच पहिला असायला हवा.

२०२० मध्ये अमेरिकन लष्कराच्या रुग्णालयांतील १५६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला स्टिरॉइडची इंजेक्शने, दुसऱ्याला फिजिओथेरपी. वेदना, ताठरपणा आणि हालचाल यांची मोजणी ० ते २४० गुणांत केली. गुण कमी तितके चांगले. सुरुवातीला दोन्ही गट १०८ च्या आसपास होते. वर्षभराने इंजेक्शन गट ५५.८ वर आला आणि फिजिओथेरपी गट ३७.० वर. म्हणजे इंजेक्शनवाल्यांनाही बरे वाटले, पण व्यायामवाल्यांना अधिक बरे वाटले.

अडचण अशी आहे, की गुडघा ठणकत असताना व्यायाम करा म्हटले तर कोणीही करत नाही, आणि त्यात रुग्णाचा आळस नसतो. वेदना आणि सूज असली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण आकुंचन पावूच देत नाही. माझ्याकडे येणाऱ्या आजींना मी मांडीवर हात ठेवून स्नायू आवळायला सांगते, तेव्हा त्या चेहरा आवळतात, खांदे आवळतात, आणि हाताखालची मांडी मात्र उशीसारखी मऊच राहते. अशा वेळी इंजेक्शनचा खरा उपयोग आहे. ते चार-सहा आठवड्यांची सवड देते. त्या सवडीत स्नायू जागा केला तर औषध ओसरल्यावर गुडघ्याला कोणीतरी सांभाळणारे असते. ती सवड नुसती लग्नात मिरवण्यात गेली तर सातव्या आठवड्यात आपण होतो तिथेच येतो.

काय करायचे तेही सांगते. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची आणि मोजून दहा अंकांपर्यंत धरून ठेवायची. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे जमू लागले की खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी. व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत राहिले तर संख्या कमी करावी, पण बंद करू नये. काठी वापरायची असेल तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी; उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. दहापैकी आठ जण ती चुकीच्या हातात धरून माझ्याकडे येतात.

निशिगंध

सासूबाईंची काठीही चुकीच्या हातात आहे. आजच बदलायला सांगते. मनापासून आभार.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. आमच्याकडे राष्ट्रीय आरोग्य सेवेत हायलुरोनिकचे इंजेक्शन देतच नाहीत. उपचारांविषयी सूचना देणाऱ्या इथल्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते देऊ नये असे स्पष्ट लिहिले आहे. स्टिरॉइडविषयी त्याच सूचना म्हणतात, की इतर औषधे लागू पडत नसतील किंवा व्यायामाला आधार हवा असेल तर त्याचा विचार करावा, आणि आराम केवळ २ ते १० आठवड्यांचा असतो हे रुग्णाला आधीच समजावून सांगावे. पाऊलवाट ताईंनी जे स्वतःच्या अनुभवावरून लिहिले, ते तिथेही जवळपास त्याच शब्दांत आहे.

आईला इकडे आणल्यावर आधी दोन महिने व्यायामवर्गाला पाठवले होते. इंजेक्शन मिळत नाही म्हणून मी तेव्हा बरीच चिडले होते.

रानवाटा

आमच्या घरातला प्रसंग सावधगिरीसाठी सांगतो. माझ्या काकांनी तालुक्याच्या गावी भरलेल्या एका ‘गुडघेदुखी शिबिरा’त इंजेक्शन घेतले. लगेच उतार पडला, म्हणून वर्षभरात त्याच लोकांकडून आणखी चार घेतली. कोणत्याही वेळी कागद मिळाला नाही. विचारले तर “ताकदीचे आहे” एवढेच उत्तर. पुढे गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा शल्यविशारदांनी पहिलाच प्रश्न विचारला, की शेवटचे इंजेक्शन कधी घेतले आणि कशाचे. काकांना औषधाचे नाव सांगता येईना. इंजेक्शनाला पाच आठवडेच झाले होते. स्टिरॉइडनंतर लवकर शस्त्रक्रिया केली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून तारीख तीन महिन्यांवर गेली, आणि ते तीन महिने काकांनी पलंगावर काढले.

कुठेही इंजेक्शन घ्या, पण औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि कोणता गुडघा, एवढे लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

अस्थिबंध

रानवाटा यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन.

त्यात थोडी भर घालतो. इंजेक्शननंतर पहिले एक-दोन दिवस गुडघा आधीपेक्षा जास्त दुखू शकतो. बर्फाने शेकावे, जड कामे टाळावीत, तो आपोआप शांत होतो. परंतु वेदना वाढतच गेली, गुडघा लाल व गरम झाला, ताप आला, पाय टेकवेना, तर वाट पाहत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सांध्यात जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर तासांचा हिशोब असतो. त्वचेवर फोड किंवा जखम असेल, अंगात ताप असेल, तर इंजेक्शन पुढे ढकलावे. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे.

वजनाविषयीही लिहायला हवे. एका प्रसिद्ध अभ्यासात असे मोजले गेले, की एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसभरात किती पावले पडतात याचा विचार केला तर पाच किलो ही लहान गोष्ट नाही.

गोदातीर

शस्त्रक्रियेचा विषय निघालाच आहे म्हणून आठवण झाली. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर २००० च्या ऑक्टोबरमध्ये आणि उजव्यावर २००१ च्या जूनमध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, आणि ती न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केली. त्या वेळी आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत रोज हीच चर्चा असे. तोपर्यंत गुडघा बदलता येतो हे आमच्यातल्या अनेकांना माहीतच नव्हते. कृष्णाकाठ यांच्या शेजारच्या काकूंचा सल्ला मला तितका वावगा वाटत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरली होती. दोन गुडघ्यांच्या जेलला ४४,००० आणि ते वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा, हा हिशोब मांडून पाहिला, तर मी स्वतः यापुढे जेल घेईन की नाही याचा विचार करावा लागेल.

पाऊलवाट

गोदातीर काका, केवळ सांध्याची किंमत धरू नका. रुग्णालयाचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा असतो. आणि ग्रेड तीनच्या ज्या रुग्णांनी आजवर पद्धतशीर व्यायाम केलेलाच नाही, त्यांना थेट शस्त्रक्रियेकडे नेणे मला घाईचे वाटते. चित्रातला ग्रेड आणि माणसाची वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सात आठवडे झाले, म्हणून काय घडले ते लिहिते.

आम्ही जेल आणि पीआरपी दोन्ही घेतले नाही. लग्नाच्या दोन आठवडे आधी, फक्त उजव्या गुडघ्यात, ट्रायमसिनोलोन ४० मिलिग्रॅम घेतले. डॉक्टरांनी आधी सुईने साधारण १५ मिलिलिटर पाणी काढले, पिवळसर, पारदर्शक. तपासायला पाठवून ते झिजेचेच आहे याची खात्री केली. मी औषधाचे नाव आणि मात्रा लिहून मागितली, तेव्हा त्यांनी न चिडता लिहून दिली आणि “असे सगळ्यांनी मागायला हवे” असेही म्हणाले. दीपस्तंभ दादांनी सांगितल्याप्रमाणे वही केली होती. आधी उपाशीपोटी ११८, इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २८६, तिसऱ्या दिवशी २४१, पाचव्या दिवशी १६०. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले होते, त्यामुळे घाबरायला झाले नाही.

चौथ्या दिवसापासून टॉवेलचा व्यायाम सुरू केला. पहिले तीन दिवस आईची मांडी खरोखरच मऊ राहत होती. मग एका सकाळी तिने स्वतःच माझा हात ओढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “बघ, आता आवळते.” लग्नात ती अक्षतांना उभी होती, पंगतीत वाढायला मात्र गेली नाही. आता सातव्या आठवड्यात उजवा गुडघा थोडा थोडा बोलू लागला आहे, पण रात्री ठणकत नाही. खुर्चीतून हात न टेकता सुरुवातीला एकदाही उठता येत नव्हते, काल सलग अकरा वेळा जमले. कालच्या संकष्टीला घाट ती अजूनही आडवीच उतरली, परंतु वरच्या पायरीला हात टेकला नाही.

डावा गुडघा आता उजव्यापेक्षा अधिक दुखतो असे ती म्हणते. त्यातही इंजेक्शन घ्यावे का?

पाऊलवाट

त्या गुडघ्यावर सूज नसेल, रात्री ठणकत नसेल, तर आधी सहा आठवडे डाव्या पायालाही हाच व्यायाम द्या. अकरा वेळा उठणाऱ्या आईंना माझा नमस्कार सांगा.

अस्थिबंध

सहमत आहे. पुढच्या भेटीला जाताना दोन्ही गुडघ्यांचे क्ष-किरण चित्र आईंना उभे करून काढायला सांगा. झोपवून काढलेल्या चित्रात सांध्यावर भार नसतो, त्यामुळे गॅप आहे त्यापेक्षा जास्त दिसते, आणि डाव्या गुडघ्याची खरी स्थिती आपल्याला कळणार नाही.